बॅलन्स मुद्दाम घालवलेली मोटर

शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक मॉडेल हमखास असतं: अंधांसाठी स्मार्ट काठी. खानापूरला बघा, निपाणीला बघा, बेळगावात तर चार टेबलं सोडून पुन्हा तीच. पीव्हीसी पाइप, पुढे अल्ट्रासॉनिक सेन्सर, मधे आर्डुइनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि मुठीपाशी नाण्याएवढी व्हायब्रेशन मोटर. समोर हात धरला की मूठ थरथरायला हवी. प्रत्यक्षात ती जेमतेम कुरकुरते. मग पोरं म्हणतात, "मोटरीत दमच नाही की ओ सर, मोठी घालायला पाहिजे होती."

दम असतो. मोबाइल दुरुस्त करणारे जिला नुसतं 'व्हायब्रेटर' म्हणतात, त्या एक ग्रॅमभर वजनाच्या चकतीकडून काम कसं करून घ्यायचं, एवढंच ठाऊक नसतं.

ही मोटर आतून कशी आहे ते समजायला बेळगावकरांना लांब जायला नको. उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये पंपाचा इम्पेलर किंवा पंख्याचा रोटर बॅलन्सिंग मशीनवर चढवलेला दिसेल. एका बाजूला जरा जास्त धातू राहिला असेल, तर तिथे ड्रिल मारून तो काढतात. पंप-पंख्यांसाठी बॅलन्सचा जी ६.३ हा दर्जा रूढ आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या रोटरच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की वजनाचं केंद्र अक्षापासून सुमारे २० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षा, जास्त सरकलेलं चालत नाही. सरकलं की बेअरिंग खातं, फाउंडेशनचे बोल्ट सैल होतात.

व्हायब्रेशन मोटर बनवणारा नेमकं उलटं करतो. तो वजन मुद्दाम एका बाजूला बसवतो, तेही मायक्रॉनमध्ये नाही, चांगलं दीड मिलिमीटर बाजूला. जुन्या फोनमधल्या लांबट मोटरीत दांड्यावर अर्धगोल वजन उघडं दिसतं. नाण्याच्या आकाराच्या मोटरीत ते झाकणाखाली, फिरणाऱ्या गुंडाळीसोबतच असतं.

आता थोडं गणित, कारण सगळी गंमत तिथेच आहे. समजा, वजन ०.४ ग्रॅम आहे, अक्षापासून १.६ मिलिमीटर दूर आहे आणि मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २००. गोफणीतला दगड जसा हाताला बाहेर ओढतो, तसं हे वजन अक्षाला ओढतं. ओढ = वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग. आकडे घातले की उत्तर येतं साधारण १ न्यूटन. म्हणजे १०० ग्रॅमचं माप हातावर ठेवल्यावर जेवढा भार पडतो तेवढी ओढ, आणि तिची दिशा सेकंदाला २०० वेळा पूर्ण फिरते. एक ग्रॅमच्या चकतीसाठी हे फार आहे. सूत्रातला वर्ग विसरू नका: वेग निम्मा झाला की जोर निम्मा होत नाही, पाव होतो.

मग काठी का हलत नाही? कारण मोटरला स्वतःला फारसं हलायचं नसतं, ती ज्याला चिकटली आहे त्याला हलवायचं असतं. मोकळ्या वस्तूचं हलणं किती, याचं सूत्र काढलं तर त्यातून वेग चक्क गळून पडतो. उरतं एवढंच: बाजूच्या वजनाचं वस्तुमान गुणिले त्रिज्या, भागिले संपूर्ण वस्तूचं वस्तुमान. वरच्या मोटरीला १०० ग्रॅमचा डबा दिला तर तो मधल्या जागेपासून दोन्हीकडे सहा-साडेसहा मायक्रॉन हलेल. पाइप, बॅटरी, बोर्ड धरून २५० ग्रॅमची काठी दिली तर अडीच मायक्रॉन. आणि २० ग्रॅमची छोटी पट्टी दिली तर ३२. मोटर तीच, करंट तोच. तरीही 'मोठी मोटर' मागणारा विद्यार्थी भाजकाकडे बघतच नाही.

तेव्हा उपाय असा: मोटर पाइपला चिकटवू नका. मुठीवर जिथे तर्जनी टेकते तिथे एक हलकी, कडक पट्टी घ्या, मोटर तिला घट्ट चिकटवा आणि त्या पट्टीखाली, पाइपच्या बाजूला, मऊ फोम घाला. कंप बोटाला मिळेल, पाइपात वाया जाणार नाही. पोरं नेमकं उलटं करतात: मोटर फोमच्या जाड टेपवर आणि टेप पाइपवर. कारखान्यात मशीनखाली रबरी पॅड घालतात ते कंप जमिनीत जाऊ नये म्हणून. फोमची टेप तेच काम इथे नको तिथे करते. फेव्हिक्विकही जपून वापरा. पातळ गोंद फटीतून आत शिरला की रोटर जागीच धरतो. आणि मोटरीच्या केसासारख्या बारीक तारा सोल्डरच्या टाक्यापाशी तुटतात, म्हणून त्यांना जवळच गरम गोंदाचा एक थेंब हवा.

दिशाही बघावी लागते. नाणे-मोटरीचा अक्ष चकतीला उभा असतो, म्हणून कंप चकतीच्या पातळीत होतो. ती बोटाखाली सपाट ठेवली तर कातडीला ठोकत नाही, बाजूला घासल्यासारखी सरकवते. लांबट मोटरीत कंप दांड्याला काटकोनात, म्हणून ती आडवी ठेवली तर बोटावर खालून टकटक करते.

अडीच मायक्रॉन ऐकून हसू येईल, पण आपली कातडी यात तरबेज आहे. तळहातात आणि बोटांत खोलवर सुमारे एक मिलिमीटर लांबीची, थरावर थर असलेली संवेदी टोकं असतात. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने १८३० च्या दशकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. सावकाश पडलेला दाब हे थर आपसात जिरवून टाकतात, भराभर बदलणारा दाब मात्र मज्जातंतूपर्यंत जाऊ देतात. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास ती सर्वांत तल्लख असतात. तिथे एक मायक्रॉनपेक्षाही कमी हालचाल कळते. मोटरीचे १२,००० फेरे या पट्ट्यात बसतात ते उगाच नाही. व्होल्टेज कमी पडून फेरे ५,००० वर आले की दुहेरी मार बसतो: जोर सहाव्या भागाच्या आसपास येतो आणि कातडीही त्या संथ कंपाला तितकी दाद देत नाही.

कातडीचा आणखी एक स्वभाव म्हणजे सवय. कंप सलग चालू राहिला की थोड्या वेळात हात बधिर होतो. म्हणून अडथळा किती लांब आहे हे सांगायला कंप कमी-जास्त करू नका, ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त करा. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली, २०१४ मध्ये लोकांपर्यंत आलेली स्मार्टकेनही अंतर कंपांच्या वेगवेगळ्या नमुन्यांनी सांगते.

काठी थरथरण्याचा विषय निघालाच आहे, तर चिकोडी-अथणीकडच्या पाणाड्यांबद्दलही बोलू. बोअरचा पॉइंट दाखवताना हातातली बेचकी थरथरते, तळहातावरचा नारळ उभा राहतो. त्यांच्या हातात मोटर नसते आणि बहुतेक जण लबाडही नसतात. १८५३ मध्ये इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने 'भुताने हलणाऱ्या' टेबलांची परीक्षा घेतली. हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकू शकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले, तर आधी हात सरकतो आणि मागून टेबल, हे दिसलं. लोक नकळत ढकलत होते. नारळही मनगटच उभा करतं. पाण्याचा त्यात हात नसतो, आणि कोरड्या बोअरचे पैसे शेतकऱ्यालाच भरावे लागतात.

राहिली वायरिंग. नाणे-मोटर ३ व्होल्टवर साधारण ७०-८० मिलिअँपिअर ओढते, सुरू होताना त्याहून जास्त. आर्डुइनो ऊनोच्या पिनची कमाल मर्यादा ४०, आणि शहाण्याने २० च्या वर जाऊ नये. म्हणून पिनला थेट मोटर जोडली की ती लुळी फिरते, नाहीतर पिन जाते. मधे २एन२२२२ ट्रान्झिस्टर (पिनच्या थोड्या करंटवर मोटरीचा मोठा करंट चालू-बंद करणारा), त्याच्या बेसला, म्हणजे पिनकडून इशारा घेणाऱ्या पायाला, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि मोटरीच्या दोन टोकांवर उलटा डायोड, एवढं पुरतं. डायोड कंटाळा करून सोडतात. मग मोटर बंद होताना गुंडाळीतून उसळलेला व्होल्टेज बोर्डाला रीसेट करतो आणि दोष कोडवर जातो. ५ व्होल्टचा पुरवठा असेल तर पीडब्ल्यूएमने, म्हणजे पुरवठा भराभर चालू-बंद करून, सरासरी ३ वर आणा. पण पहिला क्षणभर पूर्ण द्या, कारण अनेक नाणे-मोटरी २ व्होल्टच्या खाली जागच्या हलत नाहीत, फिरू लागल्यावर मात्र कमीवरही फिरत राहतात.

महागड्या फोनच्या जाहिरातीत 'हॅप्टिक' म्हणून ज्याचा गाजावाजा असतो ते यंत्र वेगळं. त्यात काही फिरत नाही. स्प्रिंगवरचं चुंबक पुढे-मागे हलतं. ते पटकन सुरू होतं, पटकन थांबतं, पण त्याला ठरलेल्या वारंवारितेचा, बऱ्याचदा १७५ हर्ट्झच्या आसपासचा, आलटून-पालटून दिशा बदलणारा प्रवाह लागतो. फुटलेल्या फोनमधून ते काढून वरच्या सर्किटला जोडलंत, तर एकदाच 'टक' होईल आणि पुढे काही नाही. तेव्हा ते बिघडलं आहे असं समजून फेकू नका. त्यासाठी डीआरव्ही२६०५एलसारखी वेगळी चिप मिळते.