रॉयल एनफिल्डचं मूळ बंदुकीत नाही, सुईत आहे

बुलेटचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "ही मूळची बंदुका बनवणारी कंपनी. नाव बघा, तोफेचं चिन्ह बघा!" वर्षानुवर्षं हे ऐकतोय, आणि ते चूक आहे.

इंग्लंडमधलं रेडिच हे सुयांचं गाव. तिथे १८५१ मध्ये जॉर्ज टाउनसेंड यांनी सुयांचा कारखाना काढला. पुढे तिथेच सायकलचे सुटे भाग आणि मग अख्ख्या सायकली बनू लागल्या. १८९१ मध्ये अल्बर्ट एडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांनी तो हाती घेतला.

मग बंदूक आली कुठून? लंडनजवळ एनफिल्डला सरकारी रायफल कारखाना होता, रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरी. त्याला अचूक मापाचे सुटे भाग पुरवायचं काम रेडिचच्या या मंडळींना मिळालं. केवढा मान तो! त्या आनंदात सायकलला 'एनफिल्ड' नाव दिलं, लगेच पुढे 'रॉयल' लागलं आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे घोषवाक्यही आलं. रायफली मात्र बनत होत्या त्या सरकारी कारखान्यात. रेडिचला बनत होत्या सायकली.

१९०१ ची त्यांची पहिली मोटारसायकल तर जरूर पाहावी. दीड अश्वशक्तीचं इंजिन हँडलच्या पुढ्यात, पुढच्या चाकाच्या वर बसवलेलं. तिथून लांबलचक चामडी पट्टा थेट मागच्या चाकापर्यंत गेलेला. इंजिन लावलेली सायकलच ती!