फ्लूच्या यादीत ही मुले उशिरा आली

गोव्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. शाळा भरलेल्या, घरात वाळत न येणारे कपडे, मुलांच्या डॉक्टरांकडे रांग. त्यातच चवथ (गणेश चतुर्थी) येते आणि मूळ घरी सगळे कुटुंब एका छपराखाली जमते. बहुतेक मुले कषाय आणि पॅरासिटामॉलवर आठवड्याभरात उठून खेळायला लागतात. सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, स्नायूंचे आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे तसे होईलच असे नाही. हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात यायला मात्र बराच काळ गेला.

1957 च्या साथीनंतर, 1960 मध्ये अमेरिकेने फ्लूची लस कोणाला आधी द्यायची ते ठरवले: वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि जुनाट आजारांचे रुग्ण. जुनाट आजार म्हणजे मुख्यतः हृदय, फुप्फुसे, मधुमेह. मेंदूच्या आजाराचा श्वासाशी काय संबंध, असेच बहुधा वाटले असावे.

संबंध अगदी थेट आहे. ज्या मुलाला जोरात खोकता येत नाही, गिळताना ठसका लागतो, पाठीचा कणा वाकल्याने छाती पुरती फुलत नाही, त्याच्या छातीत साधा कफही अडकून बसतो. ताप चढला की झटके वाढतात, उलट्यांमुळे झटक्यांचे औषध पोटात टिकत नाही. आणि दम लागतोय हे त्याला सांगता येत नाही. आई ओळखते तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो.

2003-04 च्या हंगामात अमेरिकेत 153 मुले फ्लूने दगावल्याची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांना मज्जासंस्थेचा किंवा स्नायूंचा जुना आजार होता. 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील अभ्यासाने दाखवले की फ्लूने दाखल झालेल्या मुलांत श्वसन निकामी होण्याचा धोका अशा मुलांना जास्त असतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या लसीकरण समितीने हे आजार लस आधी द्यायच्या यादीत घातले. म्हणजे पहिल्या शिफारशीनंतर 45 वर्षांनी.

पुढे 2009 चा स्वाइन फ्लू आला. अमेरिकेतील सुरुवातीच्या 36 बालमृत्यूंपैकी 24 मुलांना आधीचा धोक्याचा आजार होता आणि त्या 24 पैकी 22 जणांना मेंदूच्या विकासाशी निगडित आजार होते. 2011 मध्ये ओहायोत अशाच आजारांच्या मुला-तरुणांच्या एका निवासी संस्थेत फ्लूची साथ शिरली. तिथे गंभीर आजारी पडलेल्या सर्वांनी लस घेतलेली होती, तरी सात जण गेले. लस हवीच, पण लस घेतली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. विषाणूरोधक औषध पहिल्या 48 तासांत सुरू होणे तितकेच महत्त्वाचे.

आपल्याकडे 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पहिला मृत्यू झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क गट पाडले. ब गटात मज्जासंस्थेचे आजार असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यांना तपासणीची वाट न पाहता ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध द्यावे असे म्हटले आहे. कागदावर आपण मागे नव्हतो. पण हे औषध 2017 पर्यंत कडक निर्बंधाच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये होते आणि मोजक्याच फार्मसींत मिळे. लस तर आजही राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी दवाखान्यात पैसे मोजून, दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पावसाआधी हे उरकायचे तर सुरुवात एप्रिलमध्येच हवी.

गोव्यात या मुलांसाठी काम काही नवीन नाही. संगाथ ही संस्था 1996 पासून आहे, पर्वरीला सेतू हे बालविकास केंद्र आहे, फोंड्याच्या लोकविश्वास प्रतिष्ठानच्या विशेष शाळा आहेत. वाचोपचार, फिजिओ, शिक्षण, अपंगत्वाचा दाखला, अर्थसाहाय्य या प्रत्येकाची कुठली ना कुठली खिडकी आहे. फ्लूची, माझ्या मते, कोणाचीच नाही: थेरपिस्टला ते बालरोगतज्ज्ञाचे काम वाटते आणि बालरोगतज्ज्ञाकडे मूल ताप आल्यावरच पोचते.

एक भेद मात्र करायला हवा. स्वमग्न पण चालते-फिरते, नीट खोकणारे मूल आणि खाटेवरचे, नळीने अन्न घेणारे मूल यांचा धोका सारखा नाही. दुसऱ्या मुलाच्या घरी ताप आल्या दिवशीच डॉक्टरांना फोन जायला हवा आणि पहिले वाक्य त्याच्या जुन्या आजाराबद्दल हवे.