लक्षणे नसलेल्या निर्वासितांची जंततपासणी : पार्श्वभूमी

स्ट्राँगिलॉइडिस हा आतड्यातला जंत १८७६ साली कोचीन-चायनाहून (आजचा दक्षिण व्हिएतनाम) परतलेल्या फ्रेंच सैनिकांच्या शौचात प्रथम दिसला. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर राबलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो मायदेशी परतल्यावर कैक दशकांनी सापडत राहिला. आतड्यातले बहुतेक जंत काही वर्षांत आपोआप मरतात. हा मात्र त्याच शरीरात पुन्हा पुन्हा संसर्ग करतो. स्टिरॉइड सुरू होईपर्यंत बहुधा त्रास नाही. सुरू झाल्यावर जिवावर बेतू शकते.

१९७५ नंतर इंडोचायनातून (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) अमेरिकेत आलेल्या निर्वासितांसाठी तपासणीची पद्धत ठरलेली होती. वेगवेगळ्या दिवशी शौचाचे तीन नमुने, फॉर्मॅलिन-ईथरने गाळ काढणे, मग सूक्ष्मदर्शक. तिसरा नमुना अनेकदा येतच नसे. काटो-काट्झ या दुसऱ्या पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम शौच घेऊन अंडी मोजतात आणि एका ग्रॅममागची संख्या काढण्यासाठी २४ ने गुणतात. पण त्यात वापरलेल्या ग्लिसरीनमुळे हुकवर्म या जंताची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात, आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या तर अळ्याच बाहेर पडतात, अंडी नाहीत. अळ्यांसाठी आगर प्लेट, म्हणजे जेलीसारखा थर असलेली बशी, लागते, तीही ताज्या शौचावर. नमुना फ्रिजमध्ये ठेवला की अळ्या मरतात आणि प्लेट कोरी राहते.

मे १९९९ पासून आफ्रिकेच्या सहारा-दक्षिण भागातून आणि आग्नेय आशियातून अमेरिकेला निघणाऱ्या निर्वासितांना तपासणीशिवाय, निघण्यापूर्वीच, अल्बेंडाझोल या जंतनाशकाचा एकच ६०० मिलिग्रॅमचा डोस द्यायचे ठरले. वाद इथेच पेटला. न तपासता औषध कशाला, हा आक्षेप खर्चाच्या हिशेबात टिकला नाही. गोळी तपासणीपेक्षा फार स्वस्त होती. खरी अडचण निराळी. राऊंडवर्म आणि हुकवर्म या डोसाने बरेच घटले, व्हिपवर्म कमी घटला आणि स्ट्राँगिलॉइडिस बहुतांशी तसाच राहिला, कारण या जंतावर एका डोसाचा जोर चालत नाही. म्हणजे मागे उरला तो नेमका सूक्ष्मदर्शकाला सर्वांत कमी दिसणारा जंत, आणि तपासण्यांची तुलना मात्र जुन्याच मापाने, म्हणजे शौचतपासणी प्रमाण मानून, होत राहिली.

समजा, शंभर जणांत शौचतपासणीने ५ आणि रक्तातील अँटिबॉडी चाचणीने २० जण बाधित ठरले. शौचतपासणी प्रमाण मानली, तर उरलेले १५ 'खोटे पॉझिटिव्ह' होतात. पण एकाच नमुन्यातून निम्म्याहून अधिक संसर्ग निसटू शकतात, तेव्हा तिला पंच नेमणेच चूक. त्या पंधरांतले काही खरोखर बाधित, काही फायलेरियाशी (रक्त व ऊतींत राहणाऱ्या दुसऱ्या जंतांशी) गल्लत झालेले, काही पूर्वीच बरे झालेले. उपचारानंतर ६ ते १२ महिन्यांत अँटिबॉडीची पातळी घसरली, तर संसर्ग खरा होता असे बऱ्यापैकी म्हणता येते. जंताचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणीही सुटका करत नाही. चिमूटभर शौचात अळीच नसेल तर डीएनए येणार कुठून?

जंतसंसर्गात वाढू शकणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी मोजून गाळणी लावण्याचा मोह स्वस्ताईमुळे टिकला. आकडा वाढला असेल तर शोध घ्यावा हे ठीक. सामान्य आकड्यावरून सोडून देणे मात्र धोक्याचे.

२००५ च्या सुमारास काही गटांना आयव्हरमेक्टिन (स्ट्राँगिलॉइडिसवर चालणारे) आणि प्राझिक्वांटेल (शिस्टोसोमा या चपट्या जंतावरचे) ही औषधेही निघण्यापूर्वी मिळू लागले. मध्य आफ्रिकेतल्या लोआ लोआ या फायलेरिया जंताच्या पट्ट्यातून येणाऱ्यांना आयव्हरमेक्टिन असे सरसकट देता येत नाही. आधी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत रक्त घेऊन मायक्रोफायलेरिया, म्हणजे त्या जंताची रक्तातली पिल्ले, मोजावे लागतात. रात्री घेतलेल्या नमुन्यात ते जवळपास दिसत नाहीत. त्या भरवशावर गोळी दिली आणि रक्तात त्यांची संख्या प्रचंड असली, तर मेंदूला इजा होऊ शकते.