बॅकस्टॅब डॅमेज (मध्ययुगीन मल्टिप्लेअर गेम्स)

तलवारी-ढालींच्या मल्टिप्लेअर गेममध्ये समोरच्याच्या पाठीवर वार बसला की नेहमीपेक्षा जास्त डॅमेज (इजा) होतो, त्याला बॅकस्टॅब बोनस म्हणतात. काही गेममध्ये तो सगळ्यांना असतो, काहींत ठरावीक क्लासलाच (लढवय्याच्या एखाद्या प्रकारालाच) आणि काहींत अजिबात नसतो. यावरून प्लेअर्सची भांडणं कधी संपत नाहीत, एक गट म्हणतो खऱ्या लढाईत मागून भोसकलेला माणूस उठत नाही, दुसरा म्हणतो मागून येऊन एका फटक्यात उडवणार असाल तर मी पॅरी (वेळ साधून वार अडवणं) शिकलो कशाला.

नियम मूळचा टेबलटॉपचा, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळांचा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत चोर हा क्लास आला, त्याला मागून वार करताना नेम लागायला +४ आणि डॅमेज दुप्पट, लेव्हल वाढली की अजून जास्त. तिथे ते बरोबरच होतं, कारण फाशांच्या खेळात वार कुठे बसला, समोरचा कुठे बघत होता हे काही दिसत नाही, मग तो बेसावध होता हे दाखवायचं तर आकडा वाढवणं हाच सोपा मार्ग. पण रिअल-टाइम गेममध्ये बेसावधपणा आपोआप येतो ना, मागचा माणूस दिसत नाही, म्हणून ब्लॉक होत नाही, म्हणून पूर्ण वार बसतो. त्यावर पुन्हा बोनस दिला की एकाच गोष्टीचे मार्क दोनदा दिले जातात, आणि रिअ‍ॅलिझमवाल्यांचा मुद्दा खरंतर इथेच लंगडा पडतो.

इतिहासात बघितलं तरी पाठ म्हणजे काही जादूची जागा नव्हती. पूर्ण चिलखतात मागचा पत्रा छातीच्या पत्र्यापेक्षा बऱ्याचदा पातळ असायचा हे खरं, पण पातळ म्हणजे कापला जाणारा नव्हे, तलवारीची धार त्यावरून घसरणारच. रॉन्डेल खंजीर (चिलखतवाल्याला भोसकायचा टोकदार खंजीर) घुसवायचे ते काखेत, जांघेत, हेल्मेटच्या फटीत. १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत मेलेल्या इंग्लंडच्या रिचर्ड तिसऱ्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला, त्याच्या कवटीच्या खालच्या-मागच्या बाजूला दोन मोठ्या जखमा आहेत, पण त्या बसल्या तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं असंच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे रिअ‍ॅलिझम हवाच असेल तर कोणत्या अवयवावर, किती चिलखतावर, कोणत्या हत्याराने हे मोजा. मॉर्डहाउ (२०१९) हा गेम साधारण तेच करतो, डोकं, धड आणि पाय वेगळे, चिलखताचे थर वेगळे.

माउंट अँड ब्लेड: वॉरबँड (२०१०) तर उलटीच गंमत करतो. तिथे डॅमेज दोघांच्या सापेक्ष वेगावर ठरतो, त्यामुळे पळणाऱ्याच्या मागे धावत वार केला तर तो समोरून अंगावर येणाऱ्यावरच्या वारापेक्षा हलका बसतो, फिजिक्सच्या हिशोबाने बरोबर आहे पण नवा प्लेअर हमखास चिडतो.

बॅलन्सवाले टक्क्यांवर भांडतात, पण खरा प्रश्न किती फटक्यांत मरतो हा असतो. प्लेअरची १०० हेल्थ (जीव) धरा, ५० चा वार दीडपट होऊन ७५ झाला तरी दोनच फटके लागतात, बोनस वाया. ३५ चा ५२ झाला की तीनाचे दोन होतात. म्हणून तोच बोनस जड कुऱ्हाडीवर कुणाला जाणवत नाही आणि हलक्या खंजिरावर मात्र नर्फ करा, नर्फ करा (म्हणजे कमजोर करा) अशी बोंब होते.

त्यात लॅग, म्हणजे इंटरनेटवरून माहिती उशिरा पोचणं. डार्क सोल्स (२०११) मध्ये पाठीमागे जाऊन बटण दाबलं की ठरलेलं अ‍ॅनिमेशन सुरू होतं आणि सुटका नसते, पण मागे म्हणजे कुठे हे दोघांच्या स्क्रीनवर वेगळं दिसतं, त्यामुळे आपण समोर तोंड करून उभे आणि वार पाठीत, असले प्रकार तिथे नेहमीचे. पाठीचा कोन जितका रुंद ठेवाल तितकं हे वाढतं, अरुंद ठेवलात तर बोनस मिळतच नाही.

अजून एक भानगड म्हणजे पाठ नेहमी बेसावध माणसाचीच असते असं नाही. शिव्हलरी: मिडिव्हल वॉरफेअर (२०१२) मध्ये लोक मुद्दाम स्वतःची पाठ फिरवून रिव्हर्स ओव्हरहेड (डोक्यावरून मागच्या बाजूला वार) मारायचे, दिसायला सर्कस, पण चालायचं. अशा वेळी समोरूनच लढणाऱ्याला बॅकस्टॅब बोनस द्यायचा का? मला विचाराल तर द्यावा, पाठ दाखवायची हौस त्याची होती.

बोनस ठेवायचाच तर तो एका क्लासचं काम म्हणून ठेवलेला बरा. शिव्हलरी २ (२०२१) मध्ये अँबुशर हा सबक्लास त्यासाठीच आहे, मागून मारणं हीच त्याची खासियत, आणि समोरासमोर त्याचं फार चालत नाही. फॉर ऑनर (२०१७) दुसऱ्या टोकाने जातो, अनेकांनी घेरलं की रिव्हेंज मीटर झपाट्याने भरतो आणि थोडा वेळ घेरलेलाच भारी पडतो. रिअ‍ॅलिझमच्या नावाने हे शून्य आहे, तरी तीन जणांत एकटा सापडलेल्याला निदान हातपाय मारायला काहीतरी मिळतं.