जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घरसामानात येते का?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘परदेशातून कायमचे परतलात, तर जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घरसामानासोबत बिनशुल्क आणता येते.’ असं वाटणं साहजिक आहे. भांडीकुंडी, फर्निचरला सवलत मिळतेच. पण सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम २(३) उघडून पाहा. प्रवासी सामानाच्या व्याख्येतूनच मोटारी वगळल्या आहेत. म्हणजे शुल्क आलं, तेही घसघशीत.

मग वय. आयात धोरणाचं प्रकरण ८७ सांगतं: वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नको (पन्नास वर्षांपूर्वीच्या विंटेजचं वेगळं), स्टिअरिंग उजवीकडेच हवं. दुबईतली डावीकडच्या स्टिअरिंगची लँड क्रूझर इथेच अडते. नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर उत्पादनाचं लेबल असतं, ते वाचा. त्र्यंबककडच्या पावसाळी चिखलाला इथलीच सेकंडहँड जिप्सी पुरते.