पूल टाळला आणि शहर वसलं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिजियाझुआंग हे उत्तर चीनमधलं एक लहानसं खेडं होतं. आज ती हेबेई प्रांताची राजधानी आहे आणि तिच्या प्रशासकीय हद्दीत एक कोटीहून अधिक लोक राहतात. या वाढीचं मूळ मला दोन रुळांमधल्या अंतरात दिसतं.

शांक्शी प्रांतातला कोळसा आणणारा रेल्वेफाटा बीजिंग-हान्को मार्गाला झेंगडिंग या जुन्या, तटबंदीच्या शहरापाशी जोडायचा बेत होता. त्यासाठी हुतुओ नदीवर आणखी एक पूल बांधावा लागला असता. तो खर्च टाळायला फाटा नदीच्या दक्षिणेलाच मुख्य मार्गाला मिळवला, या खेड्याजवळ. शिवाय ताइहांगच्या डोंगरांतून वळणं घेत यायचं म्हणून फ्रेंचांनी तो मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराचा, बांधला. मुख्य मार्ग मात्र १,४३५ मिलिमीटरचा. १९०७ मध्ये फाटा शांक्शीची राजधानी तायुआनपर्यंत पूर्ण झाला आणि कोळशाची वाघीण इथे रिकामी करून माल दुसऱ्या गाडीत चढवणं भाग पडलं. हमाल आले, वखारी उभ्या राहिल्या, पाठोपाठ आसपासच्या कापसावर चालणाऱ्या गिरण्या आल्या. झेंगडिंग मागे पडलं.

१९४७ मध्ये कम्युनिस्ट सैन्याने हे शहर जिंकलं. १९६८ मध्ये ते प्रांताची राजधानी झालं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी इथल्याच हुतात्मा स्मारकात आहे. जपानविरोधी युद्धात जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या काळी चीनमध्ये पेनिसिलिन दुर्मीळ होतं. १९५८ मध्ये याच शहरात त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीला प्रचंड टाक्यांत वाढवायचं तर साखर आणि अखंड हवा लागते. साखरेसाठी मक्याचा स्टार्च होता, म्हणून औषधाच्या कारखान्याला जोडूनच स्टार्चचा कारखाना काढला. तेव्हापासून औषधनिर्मिती ही शहराची मोठी ओळख आहे.

याची किंमत हवेने मोजली. पश्चिमेला ताइहांगची भिंत. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि कोळशाचा धूर शहरावरच साचतो. पाण्याचीही ओढाताण होती, कारण शेती आणि कारखाने दोन्ही भूजलावर. २०१४ पासून दक्षिणेकडच्या दानजियांगकोऊ जलाशयाचं पाणी कालव्याने इथे येतं, त्यामुळे विहिरींवरचा भार कमी होऊ लागला आहे.