ताट एकच, साखर वेगळी

टोमॅटो खाऊन कुणाची साखर वाढते का? इस्राएलमधल्या एका बाईंची वाढत होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या, नाना प्रकारचे डाएट करून थकल्या होत्या, आणि टोमॅटो पौष्टिक म्हणून आठवड्यातून अनेकदा खात होत्या.

हे कळलं ते तिथल्याच वाइझमान इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या अभ्यासात. एरान सेगल आणि एरान एलिनाव या संशोधकांनी 800 जणांच्या अंगाला आठवडाभर सेन्सर लावून दर पाच मिनिटांनी साखर टिपली. सुमारे 47 हजार जेवणांचा हिशेब झाला. 2015 साली निष्कर्ष आले: तोच पदार्थ एकाची साखर झपकन चढवतो, दुसऱ्याची जेमतेम हलवतो. आतड्यातले जिवाणू, वजन, झोप, व्यायाम अशा कितीतरी गोष्टींचा त्यात हात असतो. ही माहिती संगणकाला देऊन त्यांनी ज्याचा-त्याचा आहार बेतला, तेव्हा जेवणानंतरची साखर खरोखर आटोक्यात आली. चाचणी छोटी होती, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

मग थुंकीचा नमुना पाठवून ‘तुमच्या जनुकांना साजेसं डाएट’ मागवायचं का? मी तरी पैसे घालणार नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर वर्षभर प्रयोग केला, 2018 साली तो प्रसिद्ध झाला. कमी चरबीचा आहार असो वा कमी कर्बोदकांचा, वजन सरासरी पाच-सहा किलोच उतरलं. कुणाला कोणता आहार मानवेल, हे जनुकांवरून सांगता आलं नाही.

वजन-उंचीचा तक्ताही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! युडकिन तेव्हा मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत गाठणं, असं त्यांच्याच 2004 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या टिपणात नोंदलंय.

आपल्यापुरता शोध घरच्या ग्लुकोमीटरवरही घेता येतो. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजायची. एक दिवस आमटी-भात, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भुकेची ज्वारीची भाकरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा भात, पण आधी कोशिंबीर आणि उसळ संपवून. क्रम बदलण्यात अर्थ आहे: न्यूयॉर्कमध्ये 11 मधुमेहींनी भाजी-चिकन आधी आणि ब्रेड नंतर खाल्ला, तेव्हा तासाभरानंतरची साखर तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी भरली. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, झोप बिघडली तरी तो हलतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा. आकडे वहीत टिपा, सोबत काय आणि किती वाट्या खाल्लं तेही. आहारतज्ज्ञाकडे जाताना फाइलबरोबर ती वहीही घ्या.